प्राथमिक शाळा आणि मुलांचे मानसिक आरोग्य : सातारा-सांगलीचा धांडोळा

मानसिक आरोग्य हा शब्द उच्चारला की आपल्या नजरेसमोर येतो तो दहावी-बारावीच्या निकालाचा दिवस, नाहीतर नोकरी-संसाराच्या ताणाने पिचलेला प्रौढ माणूस. सहा ते अकरा वर्षांच्या मुलाचे मन या चित्रात कुठे दिसत नाही. ‘लहान आहे, विसरून जाईल’ हे वाक्य घराघरांत ऐकू येते. शासकीय पाहण्या आणि योजनांचा कलही फारसा निराळा नाही. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षे वयोगटातील ७.३ टक्के मुलामुलींत मानसिक विकार आढळले. तेरा वर्षांखालील मुले त्या पाहणीत नव्हतीच. एनसीईआरटीने २०२२ मध्ये देशभरातील पावणेचार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची मानसिक स्वास्थ्यविषयक पाहणी केली. तीही सहावी ते बारावीपुरती होती. आयुष्मान भारत अंतर्गत फेब्रुवारी २०२० मध्ये शालेय आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार करण्याची आणि भावनिक स्वास्थ्य हा विषय वर्गात आणण्याची त्यात तरतूद आहे. परंतु त्याचा पहिला टप्पाही उच्च प्राथमिक आणि त्यापुढील वर्गांसाठीच आखण्यात आला.

याउलट, मनोविकारांची सुरुवात बरीच आधी होते असे संशोधन सांगते. एकूण मनोविकारांपैकी निम्मे चौदाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात, असे जागतिक आरोग्य संघटना अनेक वर्षे सांगत आली आहे. सात लाखांहून अधिक व्यक्तींच्या माहितीचा एकत्रित अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हे प्रमाण सुमारे एक तृतीयांश निघाले. आकडा कोणताही ग्राह्य धरला, तरी चौदाव्या वर्षी दिसणाऱ्या अनेक त्रासांची पूर्वचिन्हे चौथी-पाचवीच्या वर्गातच असणार, हे उघड आहे.

कायदा मात्र या बाबतीत स्पष्ट आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्क अधिनियमाच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबरच मुलांच्या मानसिक छळालाही मनाई केली. कलम २९ ने तर मुलाला भय, आघात आणि चिंता यांपासून मुक्त ठेवणे व त्याला आपले म्हणणे मोकळेपणाने मांडण्यास मदत करणे, हे अभ्यासक्रमाचे एक तत्त्वच ठरविले. हे कलम पहिलीपासून लागू आहे. त्याचा अर्थ जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत काय होतो, हे पाहायचे तर सातारा आणि सांगली ही दोन लगतची जिल्हापत्रे समोर ठेवणे उद्बोधक ठरते.

एकाच खोऱ्यातील अनेक बालपणे

कृष्णा, कोयना आणि वारणेच्या काठचा हिरवा पट्टा, साखर कारखाने, द्राक्षबागा, हळदीची पेठ हे या जिल्ह्यांचे परिचित रूप होय. पूर्वेकडे माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हा अवर्षणाचा प्रदेश आणि पश्चिमेला पाटण, जावळी, महाबळेश्वरचा डोंगराळ मुलूख. या तिन्ही पट्ट्यांतील मुलांच्या मनावरील भार सारखा नाही.

पूर्व भागातून कामासाठी बाहेर पडण्याची परंपरा जुनी आहे. खानापूर-आटपाडीकडील गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यानिमित्त देशभर पसरले आहेत, जतकडील अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. अशा घरांतील काही मुले आजी-आजोबांपाशी राहतात, तर काही आई-वडिलांबरोबर फिरतात. दुसरीकडे, गळीत हंगामात बीड आणि अन्य जिल्ह्यांतून ऊसतोड मजूर कृष्णाकाठी येतात. दिवाळीच्या सुमारास आलेले मूल उन्हाळ्याच्या तोंडावर परत जाते. शाळा मध्येच सुटलेल्या या मुलांसाठी साखरशाळांचा प्रयोग झाला. नंतर एका शाळेतून दुसऱ्या शाळेत सहज दाखल होता यावे म्हणून शिक्षण हमी कार्डाची योजना आली. कार्डाने दाखल्याचा प्रश्न सुटतो. वर्गात मध्येच येऊन बसलेल्या, बोलीवरून चिडवल्या जाणाऱ्या आणि चार महिन्यांनी पुन्हा निघून जाणाऱ्या मुलाचे एकटेपण त्या कार्डावर नोंदवता येत नाही.

सुखवस्तू घरांतील ताणाचे स्वरूप निराळे आहे. देशातील पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात सुरू झाली आणि या भागातील पालकांच्या आकांक्षांत तिला मानाचे स्थान आहे. सैनिक शाळा आणि नवोदय विद्यालय या दोहोंची प्रवेश परीक्षा सहावीच्या प्रवेशासाठी, म्हणजे मूल पाचवीत असताना होते. शिष्यवृत्ती परीक्षा शासनाच्या मर्जीप्रमाणे कधी चौथीत तर कधी पाचवीत असते. परिणामी दहा वर्षांचे मूल एकाच वर्षात दोन-तीन स्पर्धा परीक्षांच्या सराव प्रश्नपत्रिका सोडवीत असते. शाळेच्या फलकावर यशस्वी विद्यार्थ्यांची छायाचित्रे झळकतात. उरलेल्यांचे काय झाले, हे विचारण्याची पद्धत नाही. परीक्षा बंद कराव्यात असे येथे सुचवायचे नाही. अनेक गरीब मुलांसाठी तोच वर जाण्याचा रस्ता ठरला आहे. पण निकालानंतरच्या आठवड्यात वर्गात काय बोलले जाते, हाही शाळेच्या कामाचा भाग मानला पाहिजे.

पुरानंतरची शाळा

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्याही वर गेली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ८ ऑगस्ट रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटून अनेकांचा बळी गेला. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडी कोसळल्या आणि सांगलीत पुन्हा पूर आला. या दोन घटनांच्या मध्ये करोनाचा काळ होता. मार्च २०२० मध्ये बंद झालेले पहिली ते चौथीचे वर्ग ग्रामीण भागात १ डिसेंबर २०२१ रोजी उघडले. म्हणजे नदीकाठच्या एखाद्या गावातील जे मूल २०१९ मध्ये पहिलीत होते, त्याने चौथी संपण्याआधी दोन पूर आणि दीड वर्षाहून अधिक काळ शाळाबंदी पाहिली.

आपत्तीनंतर लहान मुले आपले दुःख मोठ्यांसारखे बोलून दाखवीत नाहीत. पोट दुखते, डोके दुखते अशा तक्रारी वाढतात. सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय परत येते. मूल आईला सोडत नाही, ढग दाटून आले की बावरते, किंवा बोट बुडण्याचाच खेळ पुन्हा पुन्हा खेळते. हा खेळ पाहून मोठी माणसे घाबरतात आणि तो थांबवतात. वस्तुतः घडलेल्या गोष्टीला आपल्या आटोक्यात आणण्याचा मुलांचा तो एक मार्ग असतो. बहुतेक मुले काही आठवड्यांत सावरतात. मात्र त्यासाठी ठरलेल्या वेळेची घंटा, ओळखीचे शिक्षक, तीच बाके आणि मित्र लागतात. म्हणूनच आपत्तीनंतर शाळा लवकर सुरू होणे हाच मानसिक आरोग्याचा पहिला उपाय मानला जातो. आपल्याकडे अडचण अशी की पुरात शाळेची इमारत निवारा केंद्र होते, शिक्षक पंचनाम्याच्या वा मदतवाटपाच्या कामात गुंततात आणि वर्ग भरणे सर्वांत शेवटी येते.

मानसिक प्रथमोपचाराचे एक तत्त्व येथे नोंदवणे आवश्यक आहे. मुलाला घडलेला प्रसंग सांगण्याची सक्ती करू नये. मदत घेऊन आलेले पाहुणे वर्गात येऊन ‘पूर आला तेव्हा काय काय झाले, सांगा बरे’ असे विचारतात आणि छायाचित्र काढून जातात. हेतू चांगला असला, तरी मुलांसाठी ते हिताचे नसते. चित्रकलेचे कागद आणि रंग ठेवून द्यावेत, ज्याला बोलायचे आहे त्याचे ऐकावे. महिना-दीड महिन्यानंतरही ज्याची झोप, भूक वा खेळणे पूर्ववत झाले नाही, त्याला तज्ज्ञाकडे न्यावे.

नाव नसलेले कार्यक्रम

गंमत अशी की या दोन जिल्ह्यांत मुलांच्या मनासाठी जे सर्वांत चांगले काम झाले, त्याला कोणी मानसिक आरोग्य कार्यक्रम असे म्हटलेले नाही.

फलटणचे उदाहरण पाहू. भाषाशास्त्राच्या अभ्यासासाठी साठच्या दशकात अमेरिकेतून फलटणला आलेल्या डॉ. मॅक्सीन बर्नसन येथेच स्थायिक झाल्या. शाळेपासून दूर राहिलेल्या, प्रामुख्याने दलित वस्तीतील मुलांना शिकवताना त्यांना दिसले की ही मुले शिकू शकतात, पण शाळा त्यांना धरून ठेवीत नाही. त्यातून प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा उभी राहिली. जिच्या नावाने ही शाळा आहे, त्या कमलाताईंनी भारतात व्यवसायोपचाराच्या, म्हणजे हातांना काम देऊन माणसाला सावरण्याच्या शास्त्राच्या शिक्षणाचा पाया घातला, हा योगही लक्षणीय आहे. निरनिराळ्या जाती-वर्गांतील मुले एका वर्गात, शिक्षेला थारा नाही, मुलाची घरची बोली चूक ठरवायची नाही आणि त्याच्या अनुभवातूनच वाचन-लेखन शिकवायचे, ही शाळेची रीत. मुलाच्या घरच्या भाषेला हसले न जाणे ही गोष्ट वरवर भाषाशिक्षणाची वाटते. पहिलीतल्या मुलाच्या दृष्टीने तो आत्मसन्मानाचा प्रश्न असतो.

दुसरे उदाहरण सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटचे. शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने या बीटातील जिल्हा परिषद शाळांत ज्ञानरचनावादी पद्धतीने काम सुरू झाले. मुले रांगेत न बसता गटांत बसू लागली, जमिनीवर आखलेल्या आकृत्या आणि साहित्य हाताळीत शिकू लागली. चूक झाली की छडी, हे समीकरण मोडले. राज्यभरातून शिक्षक आणि अधिकारी ही बीट पाहण्यास येऊ लागले आणि २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयामागे या अनुभवाचा मोठा वाटा होता. पुढे अनेक ठिकाणी या प्रयोगातील जमिनीवरच्या आखीव रंगीत चौकटी तेवढ्या उचलल्या गेल्या आणि त्यामागची निर्भयता मागे राहिली, हे खेदाने म्हणावे लागते. फरशी रंगविणे सोपे असते. प्रश्न विचारणाऱ्या मुलावर न चिडणे अवघड असते.

याच मालिकेत शांतिलाल मुथ्था फाउंडेशनचा ‘मूल्यवर्धन’ कार्यक्रम येतो. २००९ मध्ये बीड जिल्ह्यातील ५०० शाळांत प्राथमिक वर्गांसाठी तो सुरू झाला आणि पुढील दशकात शासनाच्या सहकार्याने राज्यभर पोहोचला. जोडीने व गटाने करावयाच्या कृती, सहयोगी खेळ, वर्गाचे नियम मुलांनीच ठरविणे, आपली भावना ओळखून सांगणे अशी त्याची रचना आहे. मार्च २०२४ मध्ये शासनाने पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम जाहीर केला. प्राणायाम-योग, आपत्ती व्यवस्थापनाची तोंडओळख, रस्ता सुरक्षा, समस्या सोडविण्याची तंत्रे आणि नातेसंबंध हाताळण्याची कौशल्ये अशा विषयांना त्यात स्थान आहे. दिल्लीने जुलै २०१८ पासून रोजच्या वेळापत्रकात आनंदाचा तास ठेवला होता. महाराष्ट्राने शनिवार निवडला, एवढाच फरक. अर्थात, सोमवार ते शुक्रवार भीतीचे आणि शनिवार तेवढा आनंदाचा, अशी वाटणी झाली तर मुलांना ती लगेच कळते.

अशा तासांकडून किती अपेक्षा ठेवावी, याबद्दल इंग्लंडमधील एक अनुभव सावध करणारा आहे. तेथे ११ ते १४ वर्षे वयाच्या आठ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर सजगतेच्या म्हणजे ध्यानाच्या तासांचा मोठा प्रयोग झाला. २०२२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. नेहमीच्या शाळेच्या तुलनेत या तासांनी मुलांच्या मानसिक आरोग्यात विशेष सुधारणा केली नव्हती.

सायंकाळी सातचा भोंगा

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे गाव आहे. करोनाकाळात शिक्षणासाठी हाती आलेला मोबाइल शाळा सुरू झाल्यावरही सुटेना, वर्गात मुलांचे लक्ष लागेना, अशी तक्रार शिक्षकांनी केली. सरपंच विजय मोहिते आणि ग्रामस्थांनी यावर ग्रामसभेत विचार करून १५ ऑगस्ट २०२२ पासून एक नियम सुरू केला. सायंकाळी सात वाजता गावात भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घराघरांतील दूरचित्रवाणी संच व मोबाइल बंद ठेवायचे. प्रारंभी आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका आणि ग्रामपंचायतीचे कर्मचारी घरोघर फिरून आठवण करून देत. या उपक्रमाची देश-विदेशातील माध्यमांनी दखल घेतली.

या प्रयोगातील लक्षात घेण्याजोगी बाब अशी की नियम केवळ मुलांना नाही. मालिका पाहणाऱ्या आईने आणि मोबाइलवर चित्रफिती पाहणाऱ्या वडिलांनीही तो पाळायचा आहे. मुलाशी बोलायला घरात कोणी मोकळे असणे, यासाठी त्या दीड तासाचे महत्त्व अभ्यासापेक्षाही अधिक असावे. शहरातील सोसायट्यांना हे जमेल का, हा प्रश्न वाचकांनी आपापल्या सोसायटीच्या सभेत विचारून पाहावा.

शिक्षकाने किती करावे?

शालेय पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे आणि एका वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळणाऱ्या शिक्षकाकडे समुपदेशनही सोपवावे काय? बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील ७४ माध्यमिक शाळांत ‘संगथ’ या गोव्यातील संस्थेच्या सहभागाने झालेल्या ‘सेहेर’ प्रयोगाने याचे उत्तर शोधले. काही शाळांत प्रशिक्षित स्थानिक समुपदेशक नेमले, काहींत तेच काम शिक्षकाला प्रशिक्षण देऊन सोपविले आणि उरलेल्या शाळा तुलनेसाठी ठेवल्या. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष स्पष्ट होते. समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण सुधारले, दादागिरी आणि नैराश्याची लक्षणे घटली. शिक्षकावर सोपविलेल्या शाळांत मात्र असा परिणाम दिसला नाही. विशेष म्हणजे हे समुपदेशक उच्चविद्याविभूषित मानसशास्त्रज्ञ नव्हते. हा प्रयोग माध्यमिक शाळांचा होता हे खरे, तथापि शिक्षकाच्या वेळेची मर्यादा प्राथमिक शाळेत अधिकच जाचक आहे.

यावरून या जिल्ह्यांपुरता एक व्यवहार्य मार्ग सुचतो. प्रत्येक शाळेला समुपदेशक मिळणे नजीकच्या काळात शक्य नाही. परंतु अनेक शाळा मिळून एक केंद्र असते आणि केंद्रप्रमुखाच्या कक्षेतील शाळांसाठी एक प्रशिक्षित व्यक्ती नेमता येईल. ती आठवड्यातून एकदा ठरलेल्या दिवशी शाळेत आली, तरी मुलांना आणि शिक्षकांना हक्काचे माणूस मिळेल. १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने शाळा, केंद्र आणि तालुका पातळीवर ‘सखी सावित्री’ समित्या स्थापन करण्यास सांगितले आहे. या समित्यांना असे माणूस जोडून दिले तर कागदावरील रचनेत जीव येईल. तक्रारपेटीचा आग्रहही योग्यच आहे. पण पहिलीतील मुलाला अजून लिहिता येत नाही, त्याची तक्रारपेटी म्हणजे त्याचे बोलणे ऐकणारा माणूस.

कोठे जावे?

पालक आणि शिक्षकांना प्रत्यक्षात पडणारा प्रश्न हाच असतो. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील वैद्यकीय पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येते. डोळे, दात, रक्तक्षय यांबरोबरच वाढीतील विलंब, अध्ययन अक्षमता, अतिचंचलता आणि स्वमग्नता यांची तपासणीही त्या कार्यक्रमाच्या यादीत आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. तपासणीच्या दिवशी वर्गशिक्षकाने मुलाविषयीची आपली निरीक्षणे लिहून दिली, तर काही मिनिटांच्या तपासणीत जे दिसणार नाही ते पथकाला कळते. समग्र शिक्षा अभियानातील समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक तालुक्याच्या गटसाधन केंद्रामार्फत भेटू शकतात. मानसोपचारासाठी साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय आणि सांगली-मिरजेत शासकीय रुग्णालये आहेत. साताऱ्यातील ‘परिवर्तन’ ही संस्था व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात दीर्घकाळ कार्यरत असून मनोविकारतज्ज्ञ डॉ. हमीद दाभोलकर तिच्याशी संबंधित आहेत. व्यसनाचा येथील उल्लेख अनाठायी नाही. ज्या घरात वडील रोज पिऊन येतात, त्या घरातील मूल शाळेत पेंगते किंवा मारामारी करते आणि तेथेही शिक्षाच भोगते. अशा वेळी उपचार वडिलांपासून सुरू करावे लागतात.

मूल एकाएकी गप्प झाले, दचकून उठू लागले की आजही काही घरांत पहिली वारी देवऋषीकडे होते. अंगारा लावल्याने पालकांच्या मनाला धीर येत असेल, पण त्यात गेलेले महिने मुलाचे असतात. अंगात आल्याचे सांगून मारहाण किंवा अघोरी प्रकार करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे आणि मूल लहान आहे म्हणून त्यास अपवाद नाही.

केंद्र शासनाची ‘टेली मानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते आणि मराठीतून सल्ला मिळतो. दूरध्वनी मुलानेच करावा असे नाही. आपल्या वर्गातील मुलाविषयी काय करावे, हे विचारण्यासाठी शिक्षकही तेथे संपर्क साधू शकतात. मुलावर अत्याचार होत असल्याचा संशय असल्यास १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक आहे. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत पोलिसांना वा विशेष बाल पोलीस पथकाला कळविणे हे २०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्याने बंधनकारक केले आहे. शाळेच्या अब्रूचा विचार करून हे टाळणारा मुख्याध्यापकही शिक्षेस पात्र ठरतो.